बाईंचं पारायण

बाई दारात आल्या, की लोक आधी त्यांच्या हाताकडे बघायचे. हातात नुसती पिशवी असली तर जीव भांड्यात पडायचा. पण घडी केलेले फुलस्केप कागद असले, तर समजून घ्यायचं की आज आपलं काही खरं नाही. बाई खुर्ची घ्यायच्या नाहीत, पाणी घ्यायच्या नाहीत. "तुमच्याविरुद्ध लिहिलं आहे. परवा छापून येते. ऐकून घ्या," एवढंच म्हणून उभ्याउभ्या वाचायला सुरुवात करायच्या.

आणि वाचायच्या म्हणजे सगळी बातमी. मथळ्यापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. ज्याचं बिंग फोडलं त्याच्याच तोंडावर, त्याच्याच दिवाणखान्यात, खणखणीत आवाजात. वाचून झालं की वही काढून म्हणायच्या, "आता तुम्ही बोला. मी लिहून राहिले." तो जे बोलेल ते जसंच्या तसं उतरवायचं, त्यालाच परत वाचून दाखवायचं, आणि काडीचाही बदल न करता बातमीत टाकायचं. आमच्या डेस्कवर याला 'बाईंचं पारायण' म्हणत.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. नागपूरच्या पत्रकारांत 'बाई' म्हटलं की दुसऱ्या कोणाचा चेहरा डोळ्यांसमोर येतच नाही. मी डेस्कवरचा माणूस, दुसऱ्यांच्या बातम्या सरळ करण्यात केस पांढरे केले. त्या काळात मोठमोठे संपादक पाहिले, मंत्र्यांच्या गाडीतून उतरणारे बातमीदार पाहिले, एका फोनवर अख्खं पान बदलणारे मालक पाहिले. पण खरोखर कोणाला दबकलो असेन तर या पाच फुटांच्या बाईला. अजूनही त्यांचा विषय निघाला की मी खुर्चीत नीट बसतो. हसा, खुशाल हसा.

बाकीचे बातमीदार काय करतात, तर बातमी छापायच्या आधी फोन लावतात. "साहेब, अमुक आरोपावर तुमची प्रतिक्रिया?" साहेब म्हणतात, आरोप निराधार आहेत. झालं, दोन्ही बाजू आल्या. बाईंना याची भयंकर चीड. "माणसाले माहीतच नाही त्याच्यावर काय लिहिलं, अन् तुम्ही त्याले प्रतिक्रिया विचारता? ही काय आंधळी कोशिंबीर आहे काय गा?" असं त्या आमच्या ब्यूरो चीफला सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या. ब्यूरो चीफ त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान. बिचारा पानपट्टीवर जाऊन अर्धा तास परत आला नाही.

पारायणाचे नियम होते. मध्ये बोलायचं नाही. बोललं, तर बाई तो परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून वाचायच्या. एकदा एका शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष सापडले. कागदावर शाळा, कागदावर मास्तर, आणि गावात जाऊन बघावं तर बोरीची झुडपं. मी त्या दिवशी बाईंच्या मोपेडवर मागे बसून गेलो होतो, कारण माझी गाडी पंक्चर होती आणि घर त्याच रस्त्यावर होतं. अध्यक्ष दर वाक्याला "अहो पण" म्हणत, आणि बाई दर "अहो पण"ला परिच्छेदाच्या सुरुवातीला परत जात. पाचव्यांदा तेच ऐकल्यावर अध्यक्षांचा धीर सुटला. ओरडले, "चार खोल्या कुठल्या म्हणता? दोनच बांधायच्या होत्या, त्याही बांधल्या नाहीत!"

बाई थांबल्या. चष्मा वर केला. "दोनच का? माह्या कागदावर चार आहे. दुरुस्त करते." आणि तिथल्या तिथे पेनाने चारचे दोन केले. अध्यक्षांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मी पायपुसण्याकडे बघत उभा होतो, नाहीतर हसू फुटलं असतं.

आता कोणीही शहाणा माणूस विचारेल, की आधीच वाचून दाखवलं तर तो गप्प बसेल का? बसायचाच नाही. बाई जिना उतरेपर्यंत मालकाला फोन गेलेला असायचा. याच पायी बाईंनी तीन दैनिकं सोडली. संपादक हात जोडायचे, "बाई, छापा, पण आधी वाचू नका." बाई म्हणायच्या, "मंग छापत नाही." शेवटी एक छोटं सायंदैनिक मिळालं. त्याच्या मालकाला धमकीचे फोन घ्यायची हौसच होती. फोन आला की तो खूश, चहा मागवून निवांत ऐकायचा. त्या दोघांचं चांगलं जमलं.

बाई वाढल्या खापरखेड्याच्या कॉलनीत. वडील पॉवर हाऊसमध्ये फिटर. फोन उचलला की "जय भीम, बोला," आणि मग समोरचा कलेक्टर असो की दूधवाला, आवाज तोच. मे महिन्यात, डांबर पायाला चिकटतं अशा दुपारी, डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून, पिशवीत कांदा टाकून मोपेडवर निघायच्या. मी म्हणायचो, बाई, संध्याकाळी जा. तर म्हणायच्या, "संध्याकाळी लोक घरी नसतात. या उन्हात कोण बाहेर पडते? सगळे सापडतात." आणि सापडायचेच.

सख्ख्या भावालाही त्यांनी सोडलं नाही. भाऊ त्याच्या लेआउटच्या, म्हणजे वस्तीच्या, सोसायटीचा सचिव. सोसायटीने मुलांच्या बागेची जागा लग्नाच्या लॉनसाठी देऊन टाकली होती. रविवारी बाई जेवायला गेल्या, वहिनीने पानं मांडली, आणि बाईंनी पिशवीतून कागद काढले. भाऊ म्हणाला, "तू बहीण म्हणून आली की बातमीदार म्हणून?" बाई म्हणाल्या, "दोन्ही. आधी हे ऐक, मंग जेवू." वाचलं, त्याचं म्हणणं लिहून घेतलं, आणि मग दोन भाकरी खाल्ल्या. भाऊ वर्षभर बोलला नाही. ही हकिगत बाईंनी मला इतक्या साधेपणाने सांगितली, की त्यात काही वावगं आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

तर अशी ही बाई एक दिवस मला म्हणाली, "मी संघटनेच्या निवडणुकीले उभी राहून राहिले. कार्यकारिणीत एक जागा पाहिजे. तू सूचक म्हणून सही करतो काय?"

मी उडालोच. आमच्या पत्रकार संघटनेचं ऑफिस नागपूरच्या सदर भागात, दुकानांच्या वरच्या मजल्यावर. तिथे बाईंना कोणी वर्गणीच्या पावतीपलीकडे पाहिलेलं नव्हतं. कार्यकारिणी म्हणजे अध्यक्षांची आपली माणसं. अध्यक्षांना सगळे भाऊसाहेब म्हणत. लागोपाठ चार वेळा निवडून आलेले, गोड बोलणारे, कोणाच्या घरी आजारपण असलं की सर्वांत आधी पोचणारे. माणूस वाईट नव्हता हो. पण त्यांच्याकडे गेलं की प्रश्न सुटत नसे, फक्त चहा मिळत असे.

बाईंना जागा हवी होती ती एका माणसासाठी. रामटेकला झेरॉक्सचं दुकान चालवणारा, पन्नाशीचा, वीस वर्षं तिथून बातम्या पाठवणारा एक जण होता. त्याने रेतीच्या चोरट्या ट्रकांवर लागोपाठ लिहिलं. मग काही लोक दुकानात आले आणि त्यांनी झेरॉक्सचं मशीन रस्त्यावर आणून फोडलं. तो फुटलेल्या मशीनचा फोटो घेऊन सदरला आला, की संघटनेने निदान निषेधाचं एक पत्र काढावं. संघटना म्हणाली, तुम्ही सदस्य नाही. त्याने सदस्य होण्यासाठी अर्ज केला. संघटना म्हणाली, तुम्ही पूर्णवेळ पत्रकार नाही, तुमचं दुकान आहे. अर्ज परत.

"वीस वर्षं ज्याच्या बातम्या यांनी पहिल्या पानावर लावल्या, तो पत्रकार नाही!" बाई त्या दिवशी ओरडत होत्या. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. "मी आत जाते अन् त्याले आत घेते. बस."

मी सही केली. डोळे झाकून केली.

आता माझं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तेव्हा मी पत्रकार राहिलोच नव्हतो. लॉकडाऊनच्या वर्षी आमच्या दैनिकाने डेस्क बंद केलं, पानं दुसऱ्या शहरात लागायला लागली. मला मोबाइलवर एक मेसेज आला आणि तेवीस वर्षं संपली. नंतर एका खाजगी दवाखान्यात प्रसिद्धीचं काम मिळालं. गुडघ्याच्या ऑपरेशनवर प्रेसनोट लिहायची, डॉक्टरांचे फोटो पाठवायचे. पण संघटनेचा सदस्यत्वाचा फॉर्म दरवर्षी भरायचा असतो, आणि त्यात एक ओळ असते, 'माझा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे.' त्याखाली मी दरवर्षी सही करत होतो. बाईंना मी सांगितलं होतं, की दवाखान्याचं काम जोडधंदा आहे, डेस्कचं काम अजून घरून चालू आहे. बाईंनी ऐकलं आणि मान डोलावली. साऱ्या विदर्भाचे सातबारे तपासणाऱ्या बाईने मला उलटून एक प्रश्न विचारला नाही.

प्रचार सुरू झाला. बाकीचे उमेदवार मतदारांना भेटून जेवणं घालत होते. बाईंनी मतदारांची यादी पिशवीत टाकली आणि मोपेड काढली. रोज दहा-बारा घरं. पण सवय कुठे जाते? मतदार दार उघडायचा, बाई यादीवर टिक करायच्या आणि विचारायच्या, "तुम्ही सध्या कुठे लिहून राहिले? शेवटची बातमी कोणती?" मत द्या म्हणायचं त्या साफ विसरायच्या! मी कपाळावर हात मारून घेतला. म्हटलं, "बाई, हा प्रचार आहे की चौकशी?" तर म्हणतात, "लोकच सांगून राहिले, त्याले मी काय करू?"

आणि लोक खरंच सांगत होते. एक जण कोचिंग क्लास चालवत होता. एक जण बिल्डरकडे नोकरीला, एक जण प्लॉट विकत होता, एकाचं स्वतःचं मंगल कार्यालय. सगळे संघटनेचे सदस्य, सगळ्यांनी त्याच ओळीखाली सही केलेली. रामटेकच्या माणसाला ज्या नियमाने हाकललं, तो नियम सदरच्या पायऱ्या कधी चढलाच नव्हता. आठ दिवसांत बाईंच्या प्रचाराची बातमी तयार झाली.

छाननीच्या तीन दिवस आधी, दुपारी, मी दवाखान्यातल्या माझ्या खोलीत बसलो होतो. दार लोटून बाई आत आल्या. मी आनंदाने उठलो, "या बाई, बसा." बाई बसल्या नाहीत. मी हाताकडे पाहिलं. फुलस्केप.

"तुह्याविरुद्ध लिहिलं आहे. छाननी झाली की छापून येते. ऐकून घे," बाई म्हणाल्या.

बाई वाचायला लागल्या. पहिले दोन परिच्छेद बिल्डरवाल्याचे, क्लासवाल्याचे. तिसऱ्यात माझं नाव. दवाखान्याचं नाव. डेस्क कधी बंद झालं ते. त्या दैनिकाच्या ऑफिसात जाऊन त्यांनी विचारलं होतं. विचारायला त्यांना इतकी वर्षं लागली होती, आणि ते फक्त यादीत माझं नाव त्यांच्या बोटाखाली आलं म्हणून.

"बाई, मी तुमचा सूचक आहे हो!" मी मध्येच बोललो.

बाईंनी परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग म्हणाल्या, "ते पुढच्या परिच्छेदात आहे."

खरंच होतं. 'या उमेदवाराचा सूचकही पूर्णवेळ पत्रकार नाही, म्हणजे नियमाने सदस्यच नाही, त्यामुळे तिचा स्वतःचा अर्ज अवैध ठरतो.' तिचा म्हणजे बाईंचा! स्वतःच्या हाताने, स्वतःबद्दल, चौथ्या परिच्छेदात. मी हात जोडले. म्हटलं, "माझं एक नाव गाळा. माझ्यासाठी नाही म्हणत. तुमचा अर्ज जातो, रामटेकवाल्याचं काम जातं. एवढं एक नाव."

"अन् बिल्डरवाल्याचं ठेवू? तो माह्या ओळखीचा नाही म्हणून?" बाईंनी वही उघडली. "बोल तू. काहून केल्या सह्या?"

मला खोटं सुचेना. दुसऱ्या कोणासमोर सुचलं असतं. मी म्हणालो, "मला पत्रकार म्हणवून घ्यायचं होतं. त्याशिवाय मला काही येत नाही, बाई."

बाईंनी ते लिहिलं. परत वाचून दाखवलं. पेनाचं टोपण लावताना त्यांचा हात थोडा थांबला, मग पिशवी उचलून त्या गेल्या. मला रागही आला नाही. लाज वाटली, भयंकर लाज वाटली, आणि त्याच वेळी असंही वाटलं, की आपण आयुष्यात एक खरं माणूस बघतो आहोत.

भाऊसाहेबांकडेही पारायण झालं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि हसून म्हणाले, "बाई, कशाला एवढा त्रास? आमचा माणूस मागे घेतो, तुम्हाला बिनविरोध घेतो. रामटेकवाल्याचा अर्ज पहिल्याच बैठकीत मंजूर करतो. ही यादी तेवढी कपाटात राहू द्या." बाईंनी ते सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, "'कपाटात' म्हणाले की 'कपाटामध्ये'?" भाऊसाहेबांना वाटलं बाई गंमत करतात. मला त्यांनी संध्याकाळी फोन करून सांगितलं, तुझ्या बाई मोठ्या विनोदी आहेत रे.

सोमवारी छाननी. संघटनेच्या हॉलमध्ये दोन कूलर घोंघावत होते, प्लास्टिकच्या खुर्च्या भरलेल्या. निवडणूक अधिकारी एक निवृत्त वकील होते, सत्तरीचे, नियमाला पक्के. शेवटच्या रांगेत रामटेकवाला बसला होता. मांडीवर प्लास्टिकची फाइल, तिच्यात नवा अर्ज. त्याला भाऊसाहेबांच्या माणसांनी कळवलं होतं, की आज तुझं काम होऊन जाईल.

वकीलसाहेबांनी बाईंचा अर्ज हातात घेतला. "कोणाची हरकत?"

कोणी बोललं नाही. भाऊसाहेबांनी सगळ्यांना ताकीदच दिली होती. मग पहिल्या रांगेतून बाई उठल्या. "माझी."

"बाई, हा तुमचाच अर्ज आहे."

"माहीत आहे जी. माझा सूचक पूर्णवेळ पत्रकार नाही."

हॉलमध्ये कुजबूज झाली. वकीलसाहेब चष्मा पुसत म्हणाले, "मग अर्ज मागे घ्या. तशी तरतूद आहे. कारण द्यावं लागत नाही."

"म्हणूनच मागे घेत नाही," बाई म्हणाल्या. "बाद करा. अन् कारण लिहा."

आता कुठे भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. मलाही तेव्हाच उमगलं. बाईंचा अर्ज या कारणाने बाद झाला, तर ते कारण कागदावर येणार, आणि मग तोच न्याय भाऊसाहेबांच्या पॅनेलच्या सूचकांना लावावा लागणार. बाई स्वतःचाच अर्ज पुरावा म्हणून टेबलावर ठेवत होत्या! अरे बाप्पा, काय डोकं, आणि काय छाती!

पण वकीलसाहेब नियमाला पक्के. ते म्हणाले, "नुसत्या तोंडी हरकतीवर मी बाद करत नाही. सूचक हजर आहेत का? त्यांनी सांगावं."

मी उठलो. शेजारीच भाऊसाहेब बसले होते. त्यांनी माझा हात धरला आणि अगदी हळू बोलले. "हो म्हण. एकच शब्द. बाई बिनविरोध येते, त्या गरीब माणसाचं काम होते, तुझं कार्ड राहते. कोणाचं वाईट होते सांग?"

आणि खरं सांगतो, कोणाचंच वाईट होत नव्हतं. मी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. रामटेकवाला फाइल धरून माझ्याकडेच बघत होता. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी खूण केली असती, डोळे वटारले असते, तर मला सोपं गेलं असतं. बाई माझ्याकडे बघतच नव्हत्या. वही उघडून, पेन टेकवून, कागदाकडे बघत होत्या.

"तुम्ही पूर्णवेळ पत्रकार आहात का?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "नाही साहेब. तीन वर्षं झाली."

पुढचं थोडक्यात सांगतो. तो निकालाचा कागद हातात आल्यावर बाकीच्या सूचकांवर हरकत घ्यायला बाईंना फार वेळ लागला नाही. त्याच कारणाने इतके सूचक गळायला लागले, की निवडणूकच पुढे ढकलावी लागली. ज्यांनी रामटेकवाल्याला हाकललं होतं, त्यांनीच मग सर्वसाधारण सभेत ठराव आणला, की 'पूर्णवेळ' हा शब्द काढून टाका. बाईंनी उठून त्याला दुरुस्ती सुचवली, की ज्याच्या बातम्या वर्षभर छापून येतात तो सदस्य, मग त्याचं दुकान असो की शेत. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? मंजूर झाली. रामटेकवाल्याला कार्ड मिळालं. मला मिळालं नाही, प्रेसनोटीला बातमी म्हणत नाहीत. आणि बाई? बाई पुढच्या निवडणुकीत उभ्या राहिल्या आणि सपाटून पडल्या. ज्यांच्या मित्रांची नावं उडवली ते काय मत देणार होते! कार्यकारिणीत त्या आजतागायत गेल्या नाहीत.

पण हे सगळं नंतरचं. त्या सोमवारी हॉलमध्ये मी उभाच होतो. बसावं हे सुचत नव्हतं. रामटेकवाला उठून बाहेर निघून गेला होता, आणि मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटत होतं. वकीलसाहेबांनी निकाल लिहिला आणि मोठ्याने वाचला: 'सूचक हे पूर्णवेळ पत्रकार नसून त्यांनी ही बाब उमेदवारापासून दडवून ठेवली, सबब अर्ज बाद करण्यात येत आहे.' शिक्का मारला. बाईंनी पुढे होऊन कागद घेतला, उभ्याउभ्या दोनदा वाचला, आणि टेबलावर परत ठेवला.

"हे अर्धंच आहे," बाई म्हणाल्या.

"अर्धं कसं?"

"याने दडवलं, हे बरोबर. पण मी तपासलं नाही, हे कुठे आहे? त्याच्या खाली लिहा, उमेदवाराने आपल्या सूचकाची चौकशी केली नाही."

वकीलसाहेब वैतागले. "बाई, त्याची काही गरज नाही. निकाल तुमच्या मागणीप्रमाणे झाला आहे. चूक त्यांची आहे."

"अर्धी माझी आहे जी. साऱ्या जगाले मी प्रश्न विचारत फिरते. याले एक प्रश्न विचारला नाही. काहून नाही विचारला? तर तो माझा होता म्हणून." बाईंनी कागद त्यांच्याकडे सरकवला. "लिहा. एकट्या त्याच्या नावावर हा कागद जाऊ देत नाही मी."

वकीलसाहेबांनी लिहिलं. बाईंनी त्या ओळीखाली सही केली, पूर्ण नावाची, ठळक. माझं नाव वर, त्यांचं खाली, एकाच निकालात.

मला रडू आलं. पन्नाशीचा माणूस मी, भरल्या हॉलमध्ये, ज्यांच्यासमोर मिरवलो त्या सगळ्यांसमोर, लहान पोरासारखा रडलो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या टेबलाशी वाकून सहीवर फुंकर घालत होत्या, शाई पसरू नये म्हणून.